डबीत उरलेली पिवळी

मित्रांनो, माझं वय विचारू नका. माझ्या पाकिटाच्या कडेला एक तारीख छापलेली आहे आणि ती केव्हाच उलटून गेली. तुमच्या करंगळीच्या नखाएवढी, पिवळ्या रंगाची, मधोमध एक रेघ असलेली अशी मी एक जुनी गोळी आहे. माझं खरं नाव लांबलचक आहे. ते डॉक्टर लिहितात, औषधवाला वाचतो, आणि बाकी कुणाची जीभ त्याच्या वाटेला जात नाही. ज्या बायकांमध्ये माझं आयुष्य गेलं त्या मला ‘पिवळी’ म्हणायच्या. अंगावर गुळगुळीत लेप आहे म्हणून जिभेला माझी चव कळत नाही, पण आत मी कडूजहर आहे आणि माझी गोष्टही तशीच आहे. लहान मुलांना गोडगोड गोष्टी सांगाव्यात असं म्हणतात. त्या तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐका.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे काम करणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत इतकी झाकलेली असायची, की आम्हाला जन्म देणाऱ्यांचे आम्ही फक्त डोळेच पाहिले. भुकटी चाळली गेली, यंत्राने ती साच्यात दाबली, वरून पिवळा लेप चढला आणि आम्ही दहा बहिणी एका रुपेरी पाकिटात शेजारीशेजारी बसलो. माझी जागा अगदी कडेची होती. कडेच्या गोळीची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्या वेळी मला ते बरं वाटलं होतं.

आमचं काम आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. माणसाच्या आतड्यात काही जंतू बिनभाड्याने राहतात. तिथे ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण माणूस, त्यातही बाईमाणूस, पाणी कमी प्यायली, लघवी तासन्‌तास रोखून बसली, की त्यातले काही भलत्या वाटेने मूत्राशयात शिरतात आणि तिथे बिऱ्हाड थाटतात. मग जळजळ होते, कळा येतात, सारखं जावंसं वाटतं आणि गेल्यावर चार थेंब येतात. बायका याला उन्हाळी लागली म्हणतात. ते बिऱ्हाड उठवायचं हे आमचं काम. एकटीदुकटीला ते जमत नाही. पहिल्या काही जणी गेल्या की दुबळे जंतू मरतात आणि बाईला बरं वाटतं. दांडगे मात्र अर्धमेले होऊन कोपऱ्यात दबा धरून बसतात. त्यांना उसंत मिळू नये म्हणून मागच्या बहिणींनी लगोलग जायचं असतं. मध्येच आमची रांग तोडली तर दांडगे पुन्हा उठतात, त्यांची पोरंबाळं वाढतात, आणि ती सगळी दांडगीच निपजतात. वर हे जंतू मोठे दिलदार. आम्हाला चुकवायची युक्ती एकाला साधली की तो ती शेजाऱ्यालाही देऊन टाकतो.

आमच्या आधीच्या पिवळ्यांनी फार नाव कमावलं होतं. ज्या दुकानात आम्ही जाऊन पडलो तिथला म्हातारा औषधवाला म्हणायचा, की पिवळी दिली की गिऱ्हाईक त्याच दुखण्यासाठी पुन्हा तोंड दाखवत नाही. मी खणात पडल्यापडल्या हे ऐकायची आणि फुगायची. माझे फुगण्याचे दिवस तेवढेच होते.

आम्हाला घ्यायला आली ती सातव्या महिन्यातली एक पोर. कपडे शिवायच्या कारखान्यात ती ओव्हरलॉकच्या यंत्रावर बसायची, म्हणजे कापड उसवू नये म्हणून त्याच्या कडा बांधायची. जेवणाच्या सुट्टीत ती न जेवता दवाखान्यात जाऊन आली होती आणि येताना चिठ्ठी घेऊन दुकानात शिरली. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घ्यायचा तिचा स्वभाव होता. पोटातल्या बाळाला या गोळ्या चालतील ना, हे तिने डॉक्टरांना विचारलंच होतं, तरी औषधवाल्यालाही विचारलं. सकाळ-संध्याकाळ एकेक, पाकीट संपेपर्यंत, बरं वाटलं तरी थांबायचं नाही, असं त्याने सांगितलं, तर तेही तिने त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक वैतागलं. मला मात्र ती पोर फार आवडली. अशी बाई मिळाली की आपल्या जन्माचं सोनं होतं, असं मी शेजारच्या बहिणीला म्हटलंसुद्धा.

घरी तिची सासू होती. सासूही त्याच कारखान्यात कामाला होती. शर्टांना काजं पाडायचं काम तिच्याकडे, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणत. सासू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लगेच एक खाष्ट बाई उभी राहिली असेल. तसं काही नव्हतं. काजवालीचा सुनेवर जीव होता. मुलगा मालाची मोठी गाडी घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर असायचा, तेव्हा घरात या दोघीच. सुनेला दिवस गेल्यापासून काजवालीने तिला पाण्याची बादली उचलू दिली नव्हती. सुपरवायझरशी भांडभांड भांडून तिने सुनेसाठी पाठीची खुर्ची मिळवली होती. संध्याकाळी सुनेचे सुजलेले पाय ती मांडीवर घेऊन चेपायची. सून लाजून पाय ओढून घ्यायची आणि ही ते पुन्हा मांडीवर घ्यायची. हे सगळं मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून पुढचं सांगताना मला जास्तच राग येतो.

सुनेने आम्हाला पिशवीतून काढलं तसा काजवालीने हात पुढे केला. औषध माझ्याकडे असू दे, तू कामाच्या नादात विसरशील, असं म्हणून तिने आम्हाला आपल्या डबीत टाकलं. डबी पत्र्याची, चपटी. वर बटणं आणि खाली गोळ्या. ती सदोदित काजवालीच्या खांद्यावरच्या पिशवीत असे, त्यामुळे ती जाईल तिथे आम्ही जायचो आणि ती ऐकेल ते आम्हीही ऐकायचो. डबीत आधीच बऱ्याच जणी होत्या. कुणी पांढरी, कुणी गुलाबी, कुणी अर्धी मोडलेली, कुणाच्या पाकिटावरचा नाव छापलेला भागच कापून गेलेला. त्यांच्यात दोन जुन्या पिवळ्याही होत्या. त्यांनी आम्हा नव्या पोरींना कारखान्याची रीत समजावून सांगितली, आणि ती ऐकताऐकता माझा सगळा तोरा उतरला.

कारखान्यात बायका एका ओळीत बसतात. पहिली कॉलर शिवते, दुसरी ती जोडते, तिसरी बाह्या लावते, आणि शर्ट असा हातोहात पुढे सरकतो. मधली एखादी उठली की तिच्या यंत्रापाशी माल तुंबतो आणि पुढची हात बांधून बसते. संडास खालच्या मजल्यावर, जिन्याच्या पलीकडे. जाऊन येईपर्यंत कपड्यांचा ढीग लागलेला असायचा आणि शेजारणींची तोंडं वाकडी झालेली असायची. कुणी अडवत नव्हतं, मित्रांनो. दाराला कुलूपही नव्हतं. बायकाच एकमेकींकडे अशा बघायच्या, की उठणारीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यावर त्यांनी तोड काढली ती ही, की सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. मग कुणाला ना कुणाला उन्हाळी लागलेलीच असायची.

आणि उन्हाळी लागली की काजवालीची डबी. रीत अशी होती, की जिने डॉक्टरकडून पाकीट आणलं तिने जळजळ थांबेपर्यंत गोळ्या घ्यायच्या आणि उरलेलं पाकीट डबीत टाकायचं, पुढच्या बाईसाठी. अख्खं पाकीट एकटीने संपवणं हा हावरटपणा. एका कॉलरवालीने एकदा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पाकीट संपवलं होतं, तर बायकांनी तिला टोचून टोचून खाल्लं. हिच्या घरून पाहुणा उपाशीच परत जात असेल, असं म्हणायच्या. कॉलरवालीने पुन्हा तसं केलं नाही. काजवाली धागे कापायच्या कात्रीने पाकीट कापायची आणि दोन-दोन गोळ्यांचे तुकडे मागेल तिच्या हातावर ठेवायची. डॉक्टरकडे जायचं तर अर्धा दिवस मोडतो. काजवालीकडे नुसती मान वळवली की काम होतं. त्यामुळे तिला कारखान्यात मान होता, आणि तो तिला आवडायचा.

जुन्या पिवळ्या म्हणाल्या, पूर्वी आमच्यातल्या दोघी गेल्या की बाई दुसऱ्या दिवशी हसायला लागायची. आता चौघी जाऊनही जळजळ हटत नाही. बायकांच्याही ते लक्षात आलं होतं, पण त्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला. कंपन्या हल्ली गोळ्यांत खडू भरतात, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. खडू म्हणे! आमच्यात काडीची खोट नव्हती. दोन-दोन गोळ्यांचा मार खाऊन खाऊन त्या बायकांच्या पोटात दांडग्यांचीच पैदास झाली होती. एकच संडास, एकच पाण्याचं पिंप, एकमेकींच्या जेवणातले घास, मग जंतूंना एकीकडून दुसरीकडे जायला कसली अडचण? सगळ्यात दांडगे होते ते खुद्द काजवालीच्या पोटात, कारण कुठल्याही दुखण्यात डबीतल्या दोन गोळ्या घ्यायच्या हे ती वर्षानुवर्षं करत आली होती. आणि त्याच हातांनी ती सुनेला मायेने जेवू घालायची.

पहिल्या दोन दिवसांत आमच्यातल्या चौघी गेल्या. त्या चांगल्या लढल्या. दुबळे जंतू गारद झाले, सुनेची जळजळ थांबली आणि ती यंत्रावर बसून गुणगुणायला लागली. आत दांडगे दबा धरून होते, आणि आम्ही सहा जणी कंबर कसून आपल्या पाळीची वाट बघत होतो. संध्याकाळी भांडी विसळताविसळता सुनेने गोळी मागितली.

“थांबली ना जळजळ?” काजवालीने विचारलं.

“थांबली. पण डॉक्टरांनी पाकीट संपवायला सांगितलंय, आई.”

“डॉक्टरांचं काय जातंय सांगायला? असलं गरम औषध पोटुशी बाईने वाढवू नये. आतल्या जिवाला चटके बसतात.”

हे म्हणताना तिने सुनेच्या पोटावर हात ठेवला होता. सून भांडी पालथी घालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा मागितली. या वेळी आवाज खाली होता. मी औषधवाल्यालाही विचारलं होतं, बाळाला काही होत नाही, असं ती म्हणाली. काजवाली हसली. तिला राग आलाच नव्हता, हे लक्षात घ्या. राग आला असता तर तो ओसरला तरी असता. तिने सुनेला जवळ घेतलं, मी एक लेकरू वाढवलंय, औषधवाल्याने किती वाढवली ते त्याला विचारून ये, असं म्हणाली आणि डबी पिशवीत टाकली. त्यानंतर सुनेने विषय काढला नाही. जी सासू पाय चेपते तिच्यापुढे सुनेने किती ताणून धरायचं, यालाही मर्यादा असते. मी डबीत आदळआपट करत होते. पण गोळीच्या आदळआपटीने बटणंसुद्धा हलत नाहीत.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाली पोट धरून आली. काजवालीने कात्री काढली आणि आमच्या पाकिटाचा एक तुकडा कापून तिच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने कपडे तपासणारी आली, तिलाही एक तुकडा दिला. सून शेजारीच पाठीच्या खुर्चीत बसून जेवत होती. तिने कात्रीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दहा जणींतल्या आता आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि माझ्या शेजारची बहीण.

आम्ही सगळ्या गेलो असतो तर ती नक्की वाचली असती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या घरातले जंतू आधीच माजलेले होते. कदाचित शेवटच्या बहिणींनाही ते पुरून उरले असते. पण मग डॉक्टरांना ते वेळेवर कळलं असतं, कारण पाकीट संपल्यावर पुन्हा दाखवायला यायचं असंही त्यांनी सांगितलं होतं. पाकीट संपलंच नाही, मग सून दाखवायला कशी जाणार?

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी सुनेला हुडहुडी भरली. उजव्या कुशीत, पाठीच्या बाजूला, ठणका लागला. दांडगे मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडात पोचले होते. जड पावलांच्या बाईची कंबर दुखतेच, असं निदान काजवालीने केलं. तिने रजा टाकली, गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं, दिवसभर सुनेच्या उशाशी बसून राहिली, आणि डबी उघडली. माझ्या शेजारची बहीण सुनेच्या तोंडात गेली. मलाही घ्यायला हात आला होता, तेवढ्यात सुनेला उलटी झाली म्हणून मी पाकिटात राहिले. आत जाऊन बहिणीचं काय झालं, हे आम्हा गोळ्यांना न सांगता कळतं. निवृत्त झालेल्या हवालदाराला गल्लीतली पोरं जितकी भितात, तितकेच जंतू तिला भ्याले.

दुसऱ्या दिवशी सून कुणाला ओळखेना. तेव्हा काजवालीच्या तोंडचं पाणी पळालं. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून तिने सुनेला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि वाटेतून मुलाला फोन केला. तो दोन दिवसांच्या अंतरावर होता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने सुनेला शिरेतून औषध लावलं आणि लघवी तपासायला पाठवली. तिथे जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध घालून बघतात. पिवळी घातली, जंतू मजेत. दुसरी गोळी घातली, मजेत. सुनेला लावलं होतं ते शिरेतलं औषध घातलं, तरी मजेत. कुठलं औषध चालेल हे कळेपर्यंत जंतू तिच्या रक्तात शिरले होते. बाळ तरी वाचावं म्हणून डॉक्टरांनी पोट कापून ते काढलं. मुलगी झाली. मूठभर जिवाला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि ती जगली. आईच्या अंगात मात्र विष भिनत गेलं.

मुलगा पोचला तेव्हा त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. सुनेच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, पण ती त्या सकाळी शुद्धीवर आली होती आणि तिने नवऱ्याला ओळखलं होतं. डॉक्टरीण खाटेपाशी उभी राहून कागद बघत होती. तिने मान वर न करताच विचारलं, “हिला आधी गोळ्या दिल्या होत्या ना? पूर्ण घेतल्या होत्या?”

मुलाने आईकडे पाहिलं. काजवालीने पिशवीचा बंद घट्ट धरला. मी आत होते, तिच्या काखेखाली, आणि तिच्या काळजाचे ठोके मला ऐकू येत होते. सांग, असं मी ओरडत होते. आता तरी सांग.

“नाही ना घेतल्या,” काजवाली म्हणाली. “बरं वाटल्याबरोबर तिनेच बंद केल्या. मी सारखी मागे लागले होते, पण ऐकेल तर ना.”

हे तिने आधी ठरवलेलं नव्हतं. मुलगा जन्मात आपलं तोंड बघणार नाही, या भीतीने ते तिच्या तोंडून निघालं. पण निघालं ते सरळ, न अडखळता, एखादं काज पाडावं तसं नेटकं. सगळ्या असंच करतात आणि मग आमच्या दारात येतात, असं पुटपुटत डॉक्टरीण पुढच्या खाटेकडे गेली.

सुनेने ते ऐकलं. तिने मान हलवली. मुखवट्याच्या आत तिचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. मग तिने हात उचलला आणि नवऱ्याच्या बाहीपर्यंत नेला. काजवालीने तो हात मध्येच आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कुरवाळत राहिली. पडून राहा पोरी, दमशील, असं म्हणत राहिली. हात सोडवून घ्यायची ताकद सुनेत उरलेली नव्हती.

“एवढं साधं करता आलं नाही तुला?” नवरा तिला म्हणाला. “बाळाचा तरी विचार करायचा.”

आणि तो बाहेर निघून गेला. त्याच दुपारी ती गेली. तो तेव्हा काचेच्या पेटीपाशी उभा होता आणि बायकोवर रुसलेला होता. काजवालीने टाहो फोडला. तिचं रडणं खरं होतं, यातही मला शंका नाही. त्या बाईचं सगळंच खरं होतं, एक ते वाक्य सोडून.

ती कामावर परतल्यावर जी गळ्यात पडून रडली तिला तिने तेच सांगितलं. सांगतासांगता गोष्टीला तपशील चिकटत गेले. मी पाण्याचा पेला घेऊन तिच्या मागेमागे फिरायचे, ती तोंड फिरवायची, असं ती सांगू लागली. पुढे पुढे तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असावं. जी पोर उभ्या आयुष्यात दोनदा विचारल्याशिवाय काही करत नव्हती, तिचं नाव कारखान्यात हेकट आणि निष्काळजी म्हणून घेतलं जाऊ लागलं. काजवालीने डबीतल्या गोळ्या गटारात ओतल्या. ज्यांना दोन-दोन वाटल्या होत्या त्याच बायकांना ती आता पाकीट पूर्ण संपवा म्हणून दटावू लागली, आणि बायका तिचं ऐकूही लागल्या. तिचं खोटं कुणाच्या तरी उपयोगी पडलं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. इस्त्रीवालीच्या नाही पडलं. तिने पुढच्या खेपेला अख्खं पाकीट संपवलं, मग दुसरं संपवलं, आणि तरी तिच्यावर दवाखान्यात खाट धरायची वेळ आली. तिच्या पोटातल्या जंतूंना आता आमच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं.

हळूहळू पिवळीचं नाव मागे पडलं. डॉक्टर आता आम्हाला क्वचितच लिहितात. म्हातारा औषधवाला खण आवरताना आमच्याकडे बघून मान हलवायचा म्हणे. आमच्या जागी दुसरी गोळी आली आहे, आणि तीही सध्या फुगलेली असेल.

तुम्ही विचाराल, सगळ्या गोळ्या गटारात गेल्या, मग तू कशी उरलीस? मला काजवालीने मुद्दाम ठेवलं. मुलगा एकदा रागाने म्हणाला होता, की तिने सोडलेल्या गोळ्या तरी कुठे आहेत? तेव्हा तिने मला काढून दाखवलं. ही बघ, शेवटची, उशीखाली सापडली. मुलाने मला तळहातावर घेतलं, बराच वेळ बघितलं आणि परत दिलं. त्या तळहातावर मी पडून होते, आणि मला तोंड नव्हतं. तेव्हापासून मी साक्षीदार आहे, खोट्या बाजूची.

काचेच्या पेटीतली ती मुलगी मोठी झाली. आजीने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, दुखलंखुपलं की रात्ररात्र बसून राहिली, आणि तिला औषधाचा थेंबही चुकवू दिला नाही. ती औषधाला नाक मुरडायला लागली की आजी मला बाहेर काढायची. तुझ्या आईने एवढी ठेवली, आणि बघ काय झालं. मुलगी घाबरून औषध गिळून टाकायची. माझा रंग आता उडाला आहे आणि कडेला लेपाचे पापुद्रे निघाले आहेत, तरी तिला मी अजून भीतिदायक वाटते.

मागे तिच्या शाळेत मुलांनी आरोग्यावर दोन शब्द बोलायचे होते. तिने मला कागदात गुंडाळून नेलं, बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून पाठ केलेलं म्हणून दाखवलं. “ही गोळी माझ्या आईने घेतली नाही, म्हणून माझी आई गेली. माझी आजी तिला रोज सांगायची, पण ती ऐकायची नाही. म्हणून सर्वांनी औषध पूर्ण घ्यावे.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग सगळी मुलं एकेक करून मला बघायला आली. त्यातल्या एकीने तिला हळूच विचारलं, की तुझी आई वाईट होती का?

“वाईट नव्हती,” ती म्हणाली. “हट्टी होती. मी तिच्यासारखी नाहीये.”

मित्रांनो, तिने वर्गात जे सांगितलं ते बरोबरच आहे. डॉक्टरांनी दिलेलं औषध पूर्ण घ्या, कुणाला वाटू नका, कुणाचं उरलेलं घेऊ नका. पाणी प्या, आणि जायचं असेल तेव्हा शेजारणीच्या तोंडाकडे न बघता उठा. हे तुम्हाला कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवर वाचायला मिळेल. माझं मागणं त्याहून लहान आहे. घरात कुणी स्वतःच्याच औषधाची गोळी मागत असेल, तर ती तिच्या हातावर ठेवा. माया नंतर करा. ती दोनदा मागेल, आणि मग तुमचं मन राखायला गप्प बसेल.